माझा भाऊ काम शोधत नव्हता

धन्नू, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, लोक जेवून गेले. आणि मी दाराशी उभी राहून एकेकाचं तोंड पाहत होती. कोण खरंच रडून राहिला, कोण डोळ्याला रुमाल लावून बाजूच्याशी प्लॉटच्या गोष्टी करून राहिला, सगळं पाहिलं. सवयच तशी. बावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी. गाडी भरली की पहिल्या नजरेत कळते, तिकीट कोण चुकवणार ते. तू म्हणायचा, "ताई, तुले मेलेल्या माणसावरबी भरोसा नाई." आता तूच मेला, आणि खरं सांगते, तुझ्यावर अजूनही नाही.

तुझ्या कॉलेजनं चौकात फ्लेक्स लावला आहे. नावाआधी 'प्रा. डॉ.', हे एवढ्या मोठ्या अक्षरात. चौदा वर्षं तुला तासिकेवर राबवलं. जेवढे तास शिकवशील तेवढ्याचेच मिळतील, दरवर्षी नवीन ऑर्डर, उन्हाळा लागला की घरी बस. जिवंतपणी स्टाफरूममध्ये तुला स्वतःचं कपाट नव्हतं, डबा खिडकीत ठेवत होता तू. आणि आता एवढा मोठा 'प्रा.'! मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहून खालची शोकाकुल मंडळी एकेक करून वाचली. सगळे परमनंट. हा फ्लेक्स कायले लावला यायनं, कोणाच्या मनात काय खुपून राहिलं, असं मी बडबडत होती तर तुझे भाऊजी म्हणाले, "अवो, आता तरी पुरे कर." नाही करत मी पुरे.

पहिला संशय कधी आला, सांगू? तीन वर्षं झाली. जुलै महिना, कॉलेज सुरू झालेलं, आणि तू स्टँडवर आला नाही. सकाळची गोंदिया–देवरी गाडी. जमेल तेव्हा मी डेपोत हातापाया पडून तीच ड्युटी मागून घेत होती, भावाशी दोन गोष्टी होतात म्हणून. माझ्या बाजूची जागा तुझी. गोरेगाव येईपर्यंत तू पेपर वाचायचा, कोहमाऱ्याला गाडी थांबली की दोघांत एक चहा, आणि पुढं जंगल लागलं की मला माशांच्या गोष्टी सांगायचा. माशांवर पीएच.डी. केली होती न तू, आपल्याच जिल्ह्यातल्या तळ्यांतल्या. आई म्हणायची, "एवढं कायले लिवलं बाप्पा, मासे धरणाऱ्या ढिवरायले इचारलं असतं त सांगतलं असतं त्यायनं." तू म्हणायचा, त्यायलेच इचारून लिवलं आई.

त्या सोमवारी तुझी जागा मी कोहमाऱ्यापर्यंत धरून ठेवली. मंगळवारीही. बुधवारी फोन केला तर तू म्हणाला, "ताई, मी आता जात नाई. सोडलं." सोडलं म्हणजे? एवढा शिकलेला माणूस, एक्केचाळीस वर्षांचा, हातपाय धड, घरी बसतो? काहीतरी आहे, मी म्हटलं. काहीतरी लपवून राहिला हा.

मग मी शोधायला लागली. तुला वाटत असेल, ताई सहज येते भेटायला. सहज नव्हती येत मी. आली की पहिलं तुझं तोंड हुंगत होती, दारूचा वास येते का. सट्टा लावतो का म्हणून पानठेल्यावर विचारलं. कॉलेजात कोण्या पोरीबारीची भानगड झाली का, ते कोहमाऱ्याच्या ढाब्यावरच्या ड्रायव्हर लोकांना विचारलं, कारण त्यायले सगळ्या तालुक्याची खबर राहते. कोणालाच काही माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हटलं की माझा संशय अजून वाढायचा. मग तुझ्या बायकोवर, माधुरीवर घेतलं. ती दवाखान्यात नर्स, पक्की नोकरी, तिनंच तुला घरी बसवलं असेल, सैपाकपाणी करायला फुकटचा माणूस पाहिजे म्हणून. तसं मी तिला तोंडावर बोलली. ती कपड्यांची घडी घालत राहिली. तेही मला संशयास्पदच वाटलं.

तुमच्या गल्लीतली ती शेजारीण मला गाठून विचारायची, "दीदी, प्रोफेसर साब आजकल घर पे ही रहते क्या? तबियत तो ठीक है ना?" मी म्हणायची, किताब लिख रहे हैं. घ्या! पुस्तक लिहून राहिला माझा भाऊ. तिला खरं वाटलं की नाही देव जाणे, पण त्या दिवशी माझीच मान खाली गेली.

तो नागऱ्याचा दिवस आठवते का? माझी साप्ताहिक सुटी होती. तू सायकल काढली आणि नागरा गावाच्या रस्त्याला लागला. मी ऑटो केला. म्हटलं, आज सापडला. तू देवळाच्या अलीकडं वळला, एका वाडीपाशी सायकल लावली आणि आत गेला. मी चिंचेच्या झाडामागं, डोक्यावरून पदर घेऊन. दहा मिनिटांनी तू बाहेर आला, पिशवीत वांगे घेऊन. वांगे, रे! बाजारातले शिळे राहतात म्हणून पोरीसाठी चार किलोमीटर ताजे वांगे आणायला आला होता तू. सायकलवर बसला आणि झाडाकडं न पाहताच म्हणाला, "ताई, ऊन लागन. चाल घरी, भाजी करतो." मी रागानं ऑटोवाल्यालाच बोलली. पण त्या दिवशीची तुझी वांग्याची भाजी मी दोनदा मागून घेतली होती, हे खरं.

आणि माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तूच डबा आणत होता. मुगाची खिचडी, बारीक चिरलेली भाजी, ताकाची बाटली वेगळी. मी काय म्हटलं? म्हटलं, बनवते माधुरी, मिरवतो हा. एक दिवस डब्यासोबत तुझा भाजलेला अंगठा आला, मलम लावलेला. तेव्हाही मी विचारलं नाही, दुखते का म्हणून. आज विचारते, रे. दुखत होता का?

आता पेढ्यांची गोष्ट. ती टाळून चालणार नाही मला.

तू सोडायच्या आधी, त्याच जूनमध्ये, तुझ्या कॉलेजात परमनंट जागा निघाली होती. तुझ्याच विषयाची. सगळ्यांना वाटलं, चौदा वर्षं जो शिकवून राहिला त्यालाच मिळणार. इंटरव्ह्यू देऊन तू संध्याकाळी माझ्याच गाडीत बसला. मी विचारलं, कसा झाला? तू म्हणाला, "चांगला झाला ताई. सगळ्याच प्रश्नायचे उत्तरं आले." झालं! दुसऱ्या दिवशी मी डेपोत पेढे वाटले. ड्रायव्हर, कंट्रोलर, झाडूवाली बाई, सगळ्यांना. माझा भाऊ परमनंट झाला म्हणून. आठवड्यानं कळलं, दुसराच कोणी लागला. मग मी तुझ्या घरी येऊन तुझ्या पोरीसमोर, रियासमोर, तुला काय काय नाही बोलली! "खोटं बोलला तू मले. उत्तरं आली असती त लागला असता. मुद्दाम नापास झाला, कामाचा कंटाळा आला तुले." तू फक्त म्हणाला, "तिथं पास-नापास नाई राहत, ताई." मी म्हटलं, ही नापास झालेल्याची भाषा आहे.

आणि आपलं शेवटचं भांडण. गेल्या हिवाळ्यात सरकारी सर्व्हेवाली आली होती, हातात टॅब घेऊन. तिशीची असेल, तीही एम.एस्सी. झालेली, कंत्राटावर फिरून राहिलेली. मी आलेलीच होती. तू मेथी निवडत बसला होता. तिनं वय विचारलं, शिक्षण विचारलं. पीएच.डी. म्हटल्यावर तिनं वर पाहिलं. काम काय करता? मी मधातच म्हटलं, प्राध्यापक आहे, लिहा. तू म्हणाला, "नाही मॅडम. सध्या काही काम करत नाही."

"काम शोधून राहिले का सर?"

"नाही."

"मिळालं तर करायची तयारी आहे?"

"कोणतं आणि कसं मिळते, त्यावर आहे."

"इथं हो किंवा नाही एवढंच आहे, सर."

"मग नाही लिहा."

"घरी काय करता मग?"

"सैपाक, धुणी-भांडी, पोरीचा अभ्यास. घरकामाचा रकाना असन न तुमच्याकडं? त्यात टाका."

तिनं टाकलं. बोट जरा अडखळलं तिचं, पण टाकलं. आणि माझं डोकं फिरलं. आईबापानं दुसऱ्याच्या बांधावर धानाचे रोवणे करून शिकवलं तुला. मी बारावीनंतर कॉलेज सोडलं, तुला पुढं शिकता यावं म्हणून. आणि तू सरकारच्या कागदावर लिहून देतो, काम करत नाही, शोधत नाही, नको आहे? "लाज नाई वाटत तुले?" मी त्या परक्या बाईसमोर ओरडली. तू उठून तिच्यासाठी चहा ठेवला. ती गेल्यावर म्हणाला, "ताई, काम शोधणं कसं राह्यते, तुले मालूम नाई." मी म्हटलं, "मले नोको शिकवू. बावीस वर्षं धक्के खाऊन राहिली मी." आणि माझ्या वाट्याचा चहा तसाच ठेवून निघून आली.

त्यानंतर आपण बोललो, पण वरवर. जेवली का, गाडी वेळेवर होती का, रियाची दहावी. ते भांडण अर्ध्यातच राहिलं. मला वाटे, तू सांगशील एक दिवस. कदाचित तुला वाटत असेल, ताई नीट विचारेल एक दिवस.

तू गेला तेव्हा दोरीवर ओले कपडे होते आणि बादलीत अर्धे तसेच. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्यांनी दिलेला कागद मी तीनदा वाचला. त्यात दुसरं काही सापडलं नाही.

सहाव्या दिवशी तुझा फोन वाजला. माधुरी आत झोपली होती, रिया तिच्याजवळ. 'ऑफिस २' असं नाव आलं. हायवेवरचं एक कॉलेज, तुझं नाही, दुसरंच. नाव लिहीत नाही. मी उचलला आणि काही बोललीच नाही. समोरचा आपला सुरूच झाला.

"सर, गुरुवारी अकरा वाजता आहे. तीन झाले, एक कमी पडून राहिला. तीन वर्षांपासून तुम्ही नाहीच म्हणता, या वेळेस तरी या न सर. उत्तरं नाही दिली तरी चालते. फक्त बसायचं आहे, पहिलेसारखं. आपला माणूस ठरला आहे, पण संख्या भरली नाही तर इंटरव्ह्यूच होत नाही न."

मी म्हटलं, मी बहीण बोलते. माझा भाऊ वारला.

तो अरेरे म्हणाला, फार चांगले होते सर म्हणाला, कधी झालं म्हणाला. आणि वर म्हणतो, "ताई, मग सरांच्या ओळखीत दुसरं कोणी आहे का, नेट झालेलं?"

मी त्याला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी फोन ठेवला, माधुरीला उठवलं आणि विचारलं, हे बसायला जाणं म्हणजे काय?

तिला सगळं माहीत होतं. ती सांगत गेली आणि मी पाहत राहिली तिच्या डोळ्यात. खोटं शोधून राहिली होती मी, तेव्हाही. नव्हतं.

जागा निघते तेव्हा माणूस आधीच ठरलेला राहते. पण कागदावर तीन-चार जण तरी आलेले दिसले पाहिजेत, म्हणून बाकीच्यांना बोलावतात. तेही बहुतेक तुझ्यासारखेच, तासिकेवाले, चाळिशी ओलांडलेले. आज तू माझ्यासाठी बस, उद्या मी तुझ्यासाठी बसतो. आणि ज्याचं ठरलेलं राहते तोही काही राजाचा पोरगा नसतो, त्याचीही बायकापोरं वाट पाहत राहतात. तू नाही म्हटलं तर त्याचंही अडणार. म्हणून तू जात राहिला. नऊ वेळा, माधुरी म्हणाली. सुरुवातीला तुला वाटे, आज तरी कोणी उत्तर ऐकेल. नंतर तेही वाटेना. दरवेळी शर्टाला इस्त्री, फाईल, आणि माझी गाडी. आणि दरवेळी मी तुला स्टँडवर म्हणायची, नीट बोलजो, घाबरू नको.

मग तुझीच जागा निघाली. आदल्या दिवशी तुला बोलावून सांगितलं, यंदा तुमचं होणार नाही, पण तुम्ही आले नाही तर संख्या भरत नाही. आणि तू गेला. धन्नू, तू गेला! ज्या वर्गात चौदा वर्षं शिकवलं त्याच्या बाजूच्या खोलीत जाऊन बसला. बाहेरून आलेल्या एका साहेबानं तुला विचारलं म्हणे, सध्या कुठं शिकवता? तू म्हणाला, याच कॉलेजात, सर. सगळ्या प्रश्नांची उत्तरं खरंच आली होती तुला.

आणि मी पेढे वाटले.

घरी येऊन तू माधुरीला म्हणाला, आता मी कोणाच्या दारात जाऊन बसत नाही. तू नोकरी करते, मी घर पाहतो, चालन का? ती म्हणाली, चालन. एवढंच झालं होतं. मी तीन वर्षं झाडांमागं उभी राहून जे शोधत होती ते एवढंच होतं.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी तिला विचारलं.

"त्यांनी शपथ घातली होती ताई. म्हणत होते, ताईले नोको सांगू. थे गाडी कॉलेजसमोर उभी करन अना पॅशिंजरसकट अंदर घुसन."

हसायला आलं मला, आणि हसता हसताच जे रडायला लागली ते आवरेना. घुसलीच असती न मी! एकेकाची कॉलर धरून विचारलं असतं. काय झालं असतं? तुझी तासिकाही गेली असती, माझी चौकशी लागली असती. मग लागू दिली असती. तू एकटा तर नसता बसला तिथं.

चुकली मी, धन्नू. साऱ्या गाडीतले खोटे ओळखणारी मी, एक खरा माणूस बाजूला बसून राहिला तो मला ओळखता आला नाही. आणि तरी एक संशय अजून आहे, तो कोणी फेडणार नाही आता. मासे शिजवताना तू गुणगुणायचा, रियाच्या वेण्या घालायचा, तेव्हा तू खरंच सुखात होता, की आम्हाला दाखवून राहिला होता? माधुरी म्हणते, सुखात होते. तिचं ऐकते मी. पण पूर्ण भरोसा नाही बसत.

आज गुरुवार. आज मी ड्युटीवर गेली. सकाळचीच गाडी. कोहमाऱ्याला एक माणूस चढला, कानाशी पांढरे झालेले केस, कडक इस्त्री, हातात प्लास्टिकची फाईल. हायवेवरच्या त्याच कॉलेजचं तिकीट मागितलं. मी मशीन हातात तशीच धरून विचारलं, "इंटरव्ह्यू?"

"हो मॅडम."

"तुमचं ठरलं आहे, का नुसते बसायले चालले?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "तुम्हाला कसं मालूम?"

"सांगा न."

"बसायला," तो हळूच म्हणाला. "त्यायचा एक माणूस कमी पडला म्हणून काल फोन आला मला."

माझ्यानं लवकर बटन दाबवेना. तिकीट निघालं, मी त्याच्या हातात दिलं, आणि बाजूच्या जागेवरची माझी बॅग उचलून त्याला बसवलं.

"घरी कोण कोण आहे, भाऊ?"

"बायको, दोन पोरं. मोठी बहीण आहे, इथंच गोरेगावला."

"बहिणीले सांगतलं?"

"नाही. तिला वाटते, या वेळेस पक्कं होणार." तो फाईलचं बटन उघडत, लावत राहिला. "सांगितलं तर ती भांडायला येईल तिथं."

"मंग येऊ द्या न," मी म्हटलं. "येऊ द्या तिले."